औषध आणि शेजारधर्म



ग्वाल्हेरच्या फूलबागेत मंदिर, मशीद व गुरुद्वारा गुण्यागोविंदाने नांदतात. त्याच नगरीतील मानसिक आरोग्यशाळेवर देखरेख ठेवण्याचे काम मात्र १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवावे लागले. ज्याचे भय वाटते, त्याला आपण दृष्टीआड करतो, हेच खरे.

वस्तुतः छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, बहुतेक रुग्ण कोणावरही हात उगारीत नाहीत. काहींच्या बाबतीत धोका असतो; पण तो औषधाने कमी होतो. स्वीडनमध्ये २००६ ते २००९ या काळातील ८२,००० हून अधिक मनोरुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्याच रुग्णाचा औषध चालू असतानाचा काळ बंद असतानाच्या काळाशी ताडून पाहता, भ्रमनाशक औषधे चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

तरीही रुग्ण औषध का टाकतो? सुस्ती येते, वजन वाढते, हात कापतात. अशा वेळी त्याला रागे भरू नये, की गोळ्या परस्पर बंदही करू नयेत. त्याची तक्रार डॉक्टरांच्या कानी घालावी. मात्रा वा औषध बदलता येते. कुलपापेक्षा ही सोबतच घराचे अधिक रक्षण करील.