९९.९ टक्क्यांचा सोस

फायनल इयरचे प्रोजेक्ट सेमिनार नुकतेच आटोपले. केमिकलच्या चार ग्रुपनी ‘रिॲक्टिव्ह डिस्टिलेशन’ घेतलं होतं आणि चौघांच्याही शेवटच्या स्लाइडवर एकच आकडा झळकत होता : मिथाइल ॲसिटेट, शुद्धता ९९.९ टक्के. टाळ्या, चहा, समोसा. मीही त्यातल्याच एका ग्रुपमध्ये होतो, तेव्हा हे लिहितोय ते स्वतःलाही धरूनच!

चौघांनीही फीड म्हणून घेतलं होतं ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. म्हणजे जे आधीच शुद्ध आहे, ते. कुणी विचारलंच नाही की बाबांनो, पाण्यात मिसळलेलं ॲसिड असेल तर काय कराल?

हा प्रश्न मला सुचला तो काही हुशारीमुळे नाही. गेल्या उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनिंगला होतो. ईटीपीजवळ गेलं की व्हिनेगरचा वास यायचा. ॲसिटिक ॲसिडचं पाणी टाकीत यायचं, त्यात चुना पडायचा, पुढे जिवाणूंच्या हवाली. ऑपरेटर काका म्हणाले, “विकत आणतो आपण हे, आणि असं घालवतो.” सेल्युलोज ॲसिटेट, टेरेफ्थॅलिक ॲसिड अशा कितीतरी प्रक्रियांत असं पातळ ॲसिड निघतं.

आता तुम्ही म्हणाल, साधं डिस्टिलेशन करा की! पाणी १०० अंशांना उकळतं, ॲसिड ११८ ला. ॲझिओट्रोपसुद्धा नाही. पण पाण्याच्या टोकाला दोघांची बाष्पशीलता इतकी जवळ येते की प्लेट्स आणि रिफ्लक्स वाढतच जातात. शिवाय वर जाणार पाणी. ३० टक्के ॲसिडचं १०० किलो द्रावण घ्या. त्यातलं ७० किलो पाणी एकदाच उकळायचं तरी सुमारे १५८ मेगाज्यूल लागतात. तेच ३० किलो ॲसिड मिथेनॉलशी जोडून मिथाइल ॲसिटेट केलं, तर ते ५७ अंशांना उडतं. ३७ किलो एस्टर, सुमारे १५ मेगाज्यूल. रिफ्लक्सचा हिशेब दोन्हीकडे वेगळा, पण गोम कळली असेल. पाण्याला हात न लावता त्यातलं कामाचं तेवढं उचलायचं.

आणि खरी गंमत इथेच सुरू होते. या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक साधारण ५. शुद्ध ॲसिड आणि मिथेनॉल समान मोल घेतले तर फ्लास्कमध्ये ६९ टक्के रूपांतर होतं. आमच्या ३० टक्क्यांच्या द्रावणात तेच गणित केलं (मेसच्या बिलामागे, पण बरोबर आहे) तर उत्तर आलं ३० टक्के! आधीच भरलेलं पाणी अभिक्रियेला मागे रेटतं. म्हणून तर कॉलम हवा : एस्टर तयार झाला की लगेच वर काढून घ्यायचा, म्हणजे समतोलाला पुढे सरकावंच लागतं.

पण म्हणून ईस्टमनचा कॉलम जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि आम्ही सगळ्यांनी नेमकं तेच केलं. अमेरिकेत किंग्सपोर्टला ईस्टमनने १९८० च्या दशकात जो प्रसिद्ध कॉलम उभारला, त्यात वरून उतरणारं शुद्ध ॲसिड दुहेरी काम करतं. ते अभिक्रियेत भाग घेतंच, शिवाय एस्टर आणि पाण्याचा ॲझिओट्रोपही फोडतं. आमच्या फीडमध्ये ॲसिडच पातळ, ते काय फोडणार? वर येतो तो एस्टर, थोडं मिथेनॉल, थोडं पाणी असा खिचडी माल. त्याला पुढे आणखी कॉलम लागतो. ९९.९ विसरा.

किंवा मग अल्कोहोलच बदला. ब्युटेनॉल घेतलं तर ब्युटिल ॲसिटेट पाण्यासोबत ॲझिओट्रोप करून वर येतो, डिकँटरमध्ये दोन थर पडतात, वरचा थर एस्टरचा. रंगवाल्यांना तो विकताही येतो. साहा, चोपडे आणि महाजनी यांनी २००० साली ३० टक्के ॲसिडवर हा प्रयोग प्रसिद्ध केला होता. रूपांतर साठ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. तो पेपर वाचून मला जास्त शिकायला मिळालं, आमच्या चारही रिपोर्टांपेक्षा.

कारण सिम्युलेटरमध्ये ‘इक्विलिब्रियम स्टेज’ टिक केलं की अभिक्रिया तत्काळ होते. खऱ्या कॉलममध्ये ती हळू होते. रेझिनवर पाणी चिकटून बसतं, वेग आणखी मंदावतो. सांडपाण्यातले धातूंचे आयन रेझिनचे प्रोटॉन पळवतात आणि कॅटॅलिस्ट हळूहळू मरतो. तेव्हा प्रश्न प्लेट्स किती हा नसून त्यावर द्रव किती वेळ थांबतो, हा असतो. ॲसिड दोन-तीन टक्केच असेल तर माझ्या मते या भानगडीत पडूच नये. एक्स्ट्रॅक्शन बघावं, नाहीतर जिवाणू आहेतच.

असं ‘पडूच नये’ म्हणणारा रिपोर्ट गेल्या वर्षी आमच्या एका सीनियरने दिला होता. आठ महिने राबून त्याने दाखवलं की त्याच्या फीडला हा कॉलम परवडत नाही. त्याला वर्गात सगळ्यात कमी मार्क पडले, “रिझल्ट नाही” म्हणून. सर, हा रिझल्ट नव्हता तर काय होतं? त्याच्यानंतर आम्ही सगळे ग्लेशियलकडे का वळलो, हे वेगळं सांगायला नको.

तर स्टाफला एक विनंती. पुढच्या बॅचला फीड ठरवू देऊ नका. कारखान्यातून सॅम्पल आणा, त्यात असेल तो कचरा असू दे, आणि म्हणा, करा डिझाइन. लॅबमधला काचेचा कॉलम त्यासाठी पुरेल. त्याचा कंडेन्सर गेल्या दिवाळीपासून गळतोय. तेवढा दुरुस्त करून मिळाला तर परीक्षेनंतर सुट्टीत थांबायला आम्ही चौघं तयार आहोत. तेव्हा मेस बंद असते, त्याचं आमचं आम्ही बघू.