सबवूफर ऐकू येता कामा नये

पाहुणे आले की सबवूफर दाखवायचा, ही आपल्या नॉर्थ यॉर्कमधल्या घरांची नवी रीत झाली आहे. यंग-शेपर्डच्या कुठल्याही उंच इमारतीत जा. चहाच्या आधी एखाद्या सिनेमातला स्फोट ऐकवला जातो, कपाटातल्या बश्या थरथरतात आणि यजमान विचारतात, "काय, कसा आहे बेस?"

चुकीचा जोडलेला आहे, हे माझं उत्तर. डोळे मिटून ऐकताना सबवूफर कुठे ठेवलाय ते कळलं, तर जोडणी फसली.

सिनेमा सोडा, तंबोरा लावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. त्याच्या तंबोऱ्यातली खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. सबवूफर आणि स्पीकर यांच्यातली नेहमीची सीमा, म्हणजे क्रॉसओव्हर, ८० वर. म्हणजे खरजाचा मूळ स्वर मुख्यतः सबवूफर वाजवतो आणि त्याच तारेची जवारी स्पीकर वाजवतात. एक तार दोन पेट्यांत वाटली जाते! सांधा जुळला नाही, तर तंबोरा दुभंगतो आणि डग्ग्याचा घुमारा नुसता बदबदतो.

"एवढे डॉलर मोजले, मग ऐकू नको यायला?" मिठालाही पैसे पडतात, म्हणून आमटी खारट करतो का आपण?

आणि जोडणी काही अवघड नाही. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून एक केबल सबवूफरच्या 'एलएफई'मध्ये घाला. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० वर ठेवा. स्पीकर कमरेइतके उंच असले तरी 'स्मॉल' म्हणण्यात कमीपणा नाही. सबवूफरवर क्रॉसओव्हरचा वेगळा नॉब चालू असेल तर तो शेवटपर्यंत फिरवा, नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो. स्पीकरच्या तारा तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला. एकाच स्पीकरची तार उलटली तरी खालचे स्वर एकमेकांना मारतात. मग नेहमीच्या खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी फेजचा खटका ० आणि १८० असा बदलायला सांगा. जिकडे आवाज भरीव, तिकडे तो राहू द्या.

राहिला कोपरा. जागा वाचते म्हणून सबवूफर तिथे ढकलला जातो आणि दोन भिंतींमुळे त्याचा आवाज फुगतो. वरचे स्वर भिंत बऱ्यापैकी अडवते. खालचे मात्र शेजाऱ्याच्या पलंगापर्यंत पोचतात. टोरांटोच्या आवाजाच्या नियमांत २०१९ पासून स्पीकरच्या आवाजासाठी डीबीसी हे मापही आहे आणि ते खालचे स्वर हिशेबात धरतं. शेजाऱ्याची तक्रार दरवेळी आकसाची नसते, बरं का.

मला खरी काळजी आपल्या मुलांची आहे. पुण्यात, धारवाडला मैफलीत पुढे बसून तंबोरा ऐकता येतो. इथे वाढणाऱ्या बहुतेक मुलांना तो या पेट्यांतूनच भेटतो. खर्ज म्हणजे धक्का, हे एकदा कानात बसलं की ते काढणार कोण?

तेव्हा आज रात्री सबवूफर बंद करून तंबोरा ऐका, मग चालू करून ऐका. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं आणि चालू केल्यावर तो कुठे आहे ते सांगता आलं नाही, तर जोडणी जमली. नाहीतर उठा आणि आवाजाचा नॉब डावीकडे फिरवा.