गर्भाला कायदा, गरिबाला दान

जुलै २०२५ मध्ये टेक्सासचे आमदार जेम्स टालारिको जो रोगन यांच्या पॉडकास्टवर गेले. टालारिको डेमोक्रॅटिक पक्षाचे, प्रेस्बिटेरियन पंथाचे आणि ऑस्टिनच्या सेमिनरीत धर्मशास्त्राचे विद्यार्थी. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने त्यांनी साक्षीला बोलावलं ते थेट येशूच्या आईला. देवदूत गब्रीएल मरीयेकडे येतो, ती हो म्हणते आणि मगच देवाचा संकल्प तिच्या उदरात आकार घेतो. म्हणजे नवा जीव घडवायला स्त्रीची संमती हवी, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद चटकदार होता. परंपरावादी ख्रिस्ती लेखक आणि पाळकांनी त्याचा समाचार घेतला नसता तरच नवल.

त्यांचं उत्तर थोडक्यात मावतं. मरीयेचा होकार गर्भधारणेच्या आधीचा आहे, नंतरचा नाही. शिवाय हा प्रसंग ज्यात आहे, त्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात मरीया लगोलग नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते. मरीयेला दिवस जाऊन फार काळ झालेला नाही, तरी अलीशिबा तिला प्रभूची आई म्हणते आणि अलीशिबेच्या पोटातला सहा महिन्यांचा योहान आनंदाने उसळी घेतो. ज्या पानावरून संमतीचा सिद्धांत काढायचा, त्याच पानावर न जन्मलेली दोन बाळं हजर असतील, तर वकिलाने साक्षीदार जरा जपून निवडायला हवा होता.

धार्मिक डावे आणि धार्मिक उजवे यांचा हा झगडा अमेरिकेत पन्नास वर्षं चालला आहे. पुरोगामी बाजूला ‘सोजर्नर्स’ मासिकाचे संस्थापक जिम वॉलिस, अटलांटाच्या एबेनेझर चर्चचे पाळक आणि जॉर्जियाचे सिनेटर राफाएल वॉर्नॉक, आणि आता टालारिको. येशू पैशाबद्दल आणि गरिबांबद्दल सतत बोलला, गर्भपाताबद्दल एक अक्षरही बोलला नाही; मग ख्रिस्ती माणसाने मत देताना आधी काय पाहावं, हा त्यांचा सवाल. समोर वेन ग्रूडेमसारखे धर्मपंडित, मिशिगनमधली ॲक्टन इन्स्टिट्यूट, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, आणि निदान गर्भाच्या प्रश्नावर कॅथलिक बिशपही. गर्भाविषयी बायबल वाचताना परंपरावादी बरोबर आहेत आणि ज्या नियमाने ते तिथे जिंकतात, त्याच नियमाने पैशाच्या वादात हरतात, हे इथे दाखवायचं आहे.

पुरोगाम्यांचं मरीयेनंतरचं आवडतं स्थळ म्हणजे निर्गमचा एकविसावा अध्याय. दोन पुरुषांच्या मारामारीत गरोदर बाईला धक्का लागला आणि गर्भ गेला तर दंड, बाईला इजा झाली तर जिवास जीव. यावरून गर्भ हा पूर्ण माणूस नाही असं अनुमान काढलं जातं. नुसता गर्भ गेला, की मूल वेळेआधी जिवंत जन्मलं, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ते बाजूला ठेवले तरी अनुमान टिकत नाही. प्रसंग अपघाताचा आहे; अपघाताला हलकी शिक्षा असली म्हणून हेतुपुरस्सर कृत्याला परवानगी मिळत नाही. त्याहून मोठी अडचण लगेच वरच्या ओळींत आहे. मालकाने मारलेला गुलाम एक-दोन दिवस जगून मेला तर मालकाला शिक्षाच नाही, असं तिथे लिहिलं आहे. त्यावरून गुलाम माणूस नव्हता असा निष्कर्ष वॉर्नॉक यांच्या चर्चमध्ये कुणी काढेल का?

गणनाचा पाचवा अध्याय तर पुरोगाम्यांनी हाताळूच नये असा आहे. संशयी नवरा बायकोला याजकापुढे उभी करतो, तिला धूळ मिसळलेलं पाणी पाजलं जातं आणि ती दोषी असेल तर तिच्या पोटावर शाप पडतो; हा देवसंमत गर्भपातच, असं पुरोगामी म्हणतात. स्त्रीच्या शरीरावर स्त्रीचाच हक्क, हे सिद्ध करायला नवऱ्याच्या मत्सरासाठी तिच्यावर लादलेलं दिव्य पुढे करायचं, हा धीट प्रकार म्हणावा लागेल.

राहिला येशूच्या मौनाचा मुद्दा. येशू किमान वेतनावरही बोलला नाही आणि गुलामगिरी रद्द करा असंही म्हणाला नाही. त्या मौनाचा अर्थ पुरोगामी संमती असा लावत नाहीत. इथेच का लावावा? पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सांध्यावर लिहिलेल्या ‘दिदाखे’ या ख्रिस्ती नियमपुस्तकात गर्भपाताला स्पष्ट मनाई आहे. गर्भात आत्मा केव्हा येतो याबद्दल ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांची मतं आजच्या चर्चपेक्षा वेगळी होती, पण सुरुवातीच्या दिवसांतला गर्भपातही त्यांनी पापच मानला.

एक आरोप मात्र परंपरावाद्यांनी मुकाट्याने ऐकून घ्यावा असा आहे. १९७१ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, एवढंच नव्हे तर आईच्या मानसिक आरोग्याला धोका असेल तरी गर्भपाताची मुभा देणारे कायदे व्हावेत. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालानंतरही इव्हँजेलिकल गोटात काही वर्षं फारशी खळबळ नव्हती. इतिहासकार रँडल बामर म्हणतात, की धार्मिक उजव्यांना आधी एकत्र आणलं ते गर्भाने नव्हे, तर वंशभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठासारख्या संस्थांची करसवलत वाचवण्याच्या खटपटीने. यात तथ्य आहे. पण माणूस उशिरा जागा झाला, एवढ्यावरून त्याने पाहिलेली आग खोटी ठरत नाही.

पुरोगाम्यांचा व्यावहारिक मुद्दा अधिक वजनदार वाटतो: बंदी नको, गरिबी हटवा, गर्भपात आपोआप कमी होतील. गटमाकर इन्स्टिट्यूटच्या २०१४ च्या पाहणीत गर्भपात करून घेणाऱ्या अमेरिकी स्त्रियांपैकी पंचाहत्तर टक्के गरीब किंवा अल्प उत्पन्न गटातल्या होत्या. परंतु फ्रान्सकडे पाहा. पगारी बाळंतरजा, सरकारी पाळणाघरं, मुलांसाठी भत्ते, सारं काही आहे. तरी २०२३ मध्ये तिथे २,४३,६०० गर्भपात झाले आणि स्त्रियांच्या संख्येच्या मानाने हे प्रमाण अमेरिकेपेक्षा कमी नाही. अर्थात बंदीचाही हिशेब सरळ लागत नाही. २०२२ च्या ‘डॉब्स’ निकालाने राज्यांना बंदीची मोकळीक दिली आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गर्भपातांची संख्या दहा लाखांच्या वर गेली.

इथपर्यंत बायबल काय म्हणतं याची चर्चा झाली. अनेक धर्मांच्या देशात कायदा काय असावा हे त्याने ठरत नाही. तो वेगळा खटला. परंपरावादी मात्र त्या खटल्यातही ठाम उभे राहतात. सप्टेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नोत्र दाम विद्यापीठात भाषण केलं. त्याचा आशय असा, की कॅथलिक म्हणून चर्चची शिकवण मी मानतो, पण ती कायद्याने सगळ्यांवर लादणार नाही. परंपरावादी गेली चाळीस वर्षं या भूमिकेची खिल्ली उडवत आले आहेत. गुलामगिरी मला व्यक्तिशः पसंत नाही, पण शेजाऱ्याने गुलाम ठेवले तर हरकत नाही, असं म्हणाल का, असा त्यांचा प्रतिप्रश्न असतो. दुबळ्याचं रक्षण बलवानाच्या मर्जीवर सोडायचं नसतं, त्यासाठीच कायदा असतो. नियम चोख आहे. तो लक्षात ठेवून आता पैशाकडे वळू.

परंपरावाद्यांची बाजू इथेही पोरकट नाही. प्रेषितांची कृत्ये सांगतात, की यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत सारं सामाईक होतं. पण त्याच पुस्तकात जमिनीचे पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्र सुनावतो, की जमीन तुझी होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. अपराध खोटं बोलण्याचा. जक्कयाने अर्धी मालमत्ता दिली, सगळी नव्हे, आणि त्याच्याकडे सरकारी वसुलीचा माणूस कुणी धाडला नाही. उलट तोच जकातदार होता! योबेल वर्षात जमीन मूळ कुळाकडे परत जाई, पण त्या वर्षाला किती पिकं उरली ते मोजूनच किंमत ठरे, म्हणजे तो व्यवहार भाडेपट्ट्याचा. श्रीमंत तरुणाला येशूने स्वतःचं विकायला सांगितलं, कैसराकडून शेजाऱ्याचं काढून घ्यायला नाही. सक्तीचं दान हे दानच नव्हे, असा या साऱ्याचा निष्कर्ष. मार्विन ओलास्की यांनी १९९२ च्या पुस्तकात याच धाग्यावर अमेरिकेतल्या सरकारी कल्याण योजनांवर टीका केली होती.

या निष्कर्षातून ऐकू येतो तो कुओमोंचाच सूर. मी स्वतः देईन, पण लादणार नाही.

आणि बायबल याला दुजोरा देत नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी आहे. सावकाराची इच्छा कुणी विचारत नाही. या नियमांना शिक्षेचं कलम नाही, म्हणून ते ऐच्छिक, असं उत्तर परंपरावादी देतात. मग नहेम्याचा पाचवा अध्याय काढावा. दुष्काळात लोकांनी शेतं गहाण टाकली, पोटच्या पोरी दास्यात दिल्या. राज्यपाल नहेम्याने सरदारांना सभेत उभं केलं, शेतं, द्राक्षमळे, घरं आणि व्याज परत करायला लावलं आणि याजकांसमोर शपथ घ्यायला लावली. ही देणगीमोहीम नव्हती. गर्भपातविरोधी मोर्च्यांतल्या फलकांवर यिर्मयाच्या पहिल्या अध्यायातलं, गर्भात घडण्याआधीच देवाने त्याला ओळखल्याचं वचन हटकून असतं. तोच यिर्मया बाविसाव्या अध्यायात मजुरी न देता महाल बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला झोडपतो आणि गरिबाला न्याय देणाऱ्या त्याच्या बापाची आठवण करून देतो. बोलणं राजाशी आहे, राजा म्हणून. तो अध्याय फलकावर चढत नाही.

परंपरावाद्यांच्या स्वतःच्या घरातही हे माहीत आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात खासगी मालमत्तेचा हक्क ठणकावून सांगितला, आणि त्याच पत्रात मजुराला न्याय्य वेतन मिळायला हवं आणि गरिबांकडे राज्याने विशेष लक्ष द्यावं असंही लिहिलं. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी आफ्रिकेतल्या एड्सशी लढायला पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर जाहीर केले तेव्हा इव्हँजेलिकल मंडळी त्यांच्या पाठीशी होती. तो पैसा करांतून आला. सक्तीने जमवलेला म्हणून त्यातलं पुण्य गेलं, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

ऐच्छिक धर्मकार्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पंडिता रमाबाईंना अमेरिकेतून पैसा येत होता तो भाविकांच्या स्वेच्छेचा. त्यातून १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या घरात स्त्रिया आणि मुलं राहत होती, आणि टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तिथे कृपासदन होतं. हे काम थोरच. पण त्याच काळातल्या दोन दुष्काळांत देशात माणसं मेली ती लाखांनी.

मिसिसिपीत हे सारं उघड्यावर येतं. ‘डॉब्स’ खटला या राज्याच्या २०१८ च्या कायद्यातून निघाला. बाळंतिणीला मेडिकेडचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, संरक्षण साठ दिवसांऐवजी वर्षभर द्यावं, हा प्रस्ताव २०२२ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात अडला. गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांनी सही केली ती मार्च २०२३ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याने अर्भकमृत्यूंबद्दल आरोग्य आणीबाणी जाहीर केली: २०२४ मध्ये दर हजार जन्मांमागे ९.७ बाळं वर्षाच्या आत दगावली होती. गर्भासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या राज्याला बाळंतिणीच्या औषधपाण्यासाठी हातपाय हलवायला एवढा वेळ का लागावा?

नियम दोन्हीकडे सारखा लावणारे परंपरावादी नाहीत असं नाही. इव्हँजेलिकल लेखक रॉन सायडर आयुष्यभर भूक आणि गर्भपात या दोन्हींविरुद्ध लिहीत राहिले. सिनेटर मिट रॉम्नी यांनी २०२२ मध्ये सुधारून मांडलेल्या कुटुंब योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या चार महिन्यांत दरमहा ७०० डॉलरपर्यंत मदत होती. न जन्मलेलं मूल तिथे खर्चाच्या रकान्यातही माणूस म्हणून धरलं होतं. योजनेचा कायदा झाला नाही.

कायदा झाला तो कर आणि खर्चाच्या एका वेगळ्याच विधेयकाचा, ४ जुलै २०२५ ला. त्यात गर्भपाताची सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहुड या संस्थेचा मेडिकेडचा पैसा वर्षभरासाठी बंद केला आणि ज्या मेडिकेडवर अमेरिकेतली सुमारे चाळीस टक्के बाळंतपणं होतात, त्यातही मोठी कपात केली. मिझूरीचे सिनेटर जॉश हॉली पक्के गर्भपातविरोधी. ‘डॉब्स’ खटल्यात मिसिसिपीच्या वकिलांत त्यांच्या पत्नी होत्या. कष्टकरी गरिबांचा आरोग्यविमा काढून घेणं नैतिकदृष्ट्या चूक आहे, असं हॉलींनी मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं होतं. १ जुलैला सिनेटमध्ये त्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं, आणि दोन आठवड्यांनी त्यातल्या काही कपाती रद्द करणारं दुसरं विधेयक मांडलं.