कलम गेले, भीती उरली

विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ या काळात मराठवाड्याने मोठी किंमत मोजली. त्या लढ्याच्या आठवणी छत्रपती संभाजीनगरात आजही सांगितल्या जातात. परंतु याच बाबासाहेबांनी १९३४ साली, वाचकांच्या लैंगिक शंकांना निर्भीड उत्तरे देणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडली होती, हे चळवळीच्या व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते. या शहरातील नाटककार अजित दळवी यांनी कर्व्यांच्या खटल्यांवर नाटक लिहिले आणि २०१७ साली अतुल पेठे यांनी ते रंगभूमीवर आणले. सभेत जे बोलायचे टाळले जाते, ते बोलण्याचे काम महाराष्ट्रात अनेकदा नाटकाने केले आहे. समलिंगी माणसाच्या बाबतीत ते काम करणाऱ्यांत चेतन दातार यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

पुरुषाने स्त्री होणे मराठी रंगभूमीला नवे नव्हते. बालगंधर्वांच्या साडीची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. तमाशातील नाच्याच्या वाट्याला मात्र टवाळीच आली. वेषांतराचे कौतुक करणाऱ्या या समाजाला समलिंगी प्रेम सोसवत नव्हते. १९८१ साली विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री नाटकाच्या केंद्रस्थानी उभी केली, तिचा शेवट आत्महत्येत झाला. त्या काळच्या समाजाने तिच्यासाठी दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

दातार हे सत्यदेव दुबे यांच्या तालमीत वाढलेले आणि ‘आविष्कार’शी निगडित असलेले लेखक, दिग्दर्शक व नट. ‘सावल्या’, ‘राधा वजा रानडे’ ही त्यांची नाटके. ‘जंगल में मंगल’मध्ये त्यांनी शेक्सपिअरला तमाशाच्या बाजात आणले, पुरुषांना स्त्रियांच्या व स्त्रियांना पुरुषांच्या भूमिका दिल्या. पण त्यांची सर्वांत धाडसी कृती म्हणजे ‘एक माधवबाग’. आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईचे हे एकपात्री नाटक. येथे झाडाझडती मुलाची होत नाही. ज्या घरात तो वाढला त्या घराची होते. मोना आंबेगावकर यांनी हे नाटक हिंदीतून सादर केले.

दातारांनी हे लिहिले तेव्हा १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ जिवंत होते. २००८ साली त्यांचे अकाली निधन झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा त्यांना पाहता आला नाही. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध अखेर गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला गेला.

हा महानगरांतील सुखवस्तूंचा प्रश्न आहे, असे काही कार्यकर्ते अजूनही म्हणतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो मुंबईत वेगळे बिऱ्हाड करू शकतो. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या आणि चौघांत एक खोली वाटून घेणाऱ्या तरुणाने कोठे जावे? पैठण-वैजापूरच्या शेतमजुराच्या मुलाला घराने बाहेर काढले तर त्याच्यापाशी छप्पर नाही आणि रोजगारही नाही. म्हणून तो मुकाट्याने बोहल्यावर चढतो आणि ज्या मुलीला कोणी काही विचारले नाही, तिचाही संसार त्या असत्यावर उभा राहतो. निवारा, रोजगार आणि स्त्रीची संमती हे सारे समाजवाद्यांचेच प्रश्न आहेत.

न्यायालय कलम रद्द करू शकते. माजघरातील भीती घालवणे हे चळवळीचे काम आहे. एकपात्री नाटकाला भव्य नेपथ्य लागत नाही. एक अभिनेत्री, तालुक्याच्या शाळेतील एक सभागृह आणि प्रयोगानंतर तासभर मोकळी चर्चा एवढे पुरे. कामगार संघटनांच्या मेळाव्यांत आणि युवक शिबिरांत असे प्रयोग मराठवाड्यात व्हावेत. कलापथकांची परंपरा मिरवणाऱ्या कार्यकर्त्यांना हे अवघड नाही. प्रयोगाला आलेल्यांत एखादी आई असेल, तिच्या घरात एखादा गप्प मुलगा असेल, याचे भान ठेवून त्यांनी कामाला लागावे.