१०८ नगांचा मोह

तर झालं असं, की मागच्या विकांताला बाइकचं ब्रेक ऑइल बदलायला बसलो. हँडलवरच्या छोट्या टाकीच्या झाकणाला जेमतेम दोन स्क्रू. दिमतीला ऑनलाइन मागवलेला १०८ नगांचा चकचकीत सेट. पहिल्याच पिळाला स्क्रू ड्रायव्हर घसरला, दुसऱ्याला स्क्रूचं डोकं निम्मं झिजलं. निमूटपणे कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथल्या काकांनी खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर टेकवला, वरून हातोडीचे दोन हलके ठोके दिले, दाबून पीळ दिला. सुटला की! वर, "काय करता तुम्ही? इंजिनियर ना?"

गंमत अशी, की जपानी घडणीच्या बाइकवर बरेचदा जेआयएस प्रकारचे स्क्रू असतात. दिसतात फिलिप्ससारखेच, पण खाच किंचित वेगळी. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, आणि जोर लावला की खाच खातं. ही गोष्ट १०८ नगांपैकी एकानेही मला सांगितली नाही.

माझं मत आता पक्कं झालंय : सेट घेऊ नका. काम येईल तसं एकेक हत्यार घ्या, पण चांगलं घ्या. उद्या लागेल म्हणून आज कोड लिहू नये हे आपण हापिसात एकमेकांना सांगतो, आणि घरी मात्र 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून डबा भरतो. त्या १०८ पैकी दोन वर्षांत मी वापरली फक्त नऊ.

काही जण म्हणतात, आधी स्वस्त घ्या, मोडेल तेवढं नंतर चांगलं घ्या. मेजर टेपला, करवतीला हे चालेल. स्क्रू ड्रायव्हर आणि पान्याला नाही. स्वस्तातला पाना स्वतः मोडत नाही हो, तुमचा नट गोल करतो!

मग सुरुवात कशाने? आठ इंची पक्कड, दोन नंबरचा फिलिप्स, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, दहा इंची ॲडजस्टेबल पाना, हातोडी, पाच मीटरचा टेप, ॲलन कीचा जुडगा आणि टेस्टर. बाइक असेल तर १०-११, १२-१३ आणि १४-१५ चे पाने. बस्स. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत जा, हातात धरून बघा. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून मागा. तिसऱ्यांदा मागायची वेळ आली की स्वतःचं घ्या.

टेस्टरबद्दल एक कळकळीची सूचना. तो पेटला नाही म्हणजे करंट नाहीच, असं समजू नका. आधी चालू सॉकेटवर तपासा, आणि कामाआधी मेन स्विच बंद करा. आणि ब्रेकला हात पहिल्याच रविवारी घालू नका. माझं पहिलं काम गळका नळ असायला हवं होतं.

आमच्याकडे बाबांची टपारियाची पक्कड आहे, नाशिकची. मी शाळेत होतो तेव्हापासून बघतोय. मुठीवरचं प्लॅस्टिक गेलंय, जबडा अजून घट्ट धरतो. बाबांकडे एकूण हत्यारं सात. घरातलं काही अडलंय म्हणून त्यांनी कुणाला बोलावलेलं मला फारसं आठवत नाही.