खारी हवा आणि दोन ग्राफिक्स कार्डं

एक्स-रे, सीटी स्कॅनच्या प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासायच्या, पण रुग्णाची माहिती बाहेर पाठवायची नाही, तर रुग्णालयातच दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक लागू शकतो. मालवण किनाऱ्यावर असा संगणक घेताना कार्डांची चर्चा होते, कॅबिनेटची नाही. ती आधी व्हायला हवी.

आरटीएक्स ४०९० हे एक कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज खाते. दोन कार्डं म्हणजे एका लहान रूम हीटरची उष्णता डब्यात कोंडणे. प्रत्येक कार्ड तीन स्लॉट अडवते आणि नेहमीच्या कॅबिनेटला स्लॉट सातच. मध्ये जेमतेम दोन सेंटिमीटरची फट. कार्ड तापले की वेग आपोआप कमी करते, आणि आचऱ्याहून आलेला रुग्ण अहवालासाठी बाकावर ताटकळतो, कधी त्याची एसटीही चुकते.

यावर काहीजण उघडी फ्रेम सुचवतात. पुण्यात ती चालेलही. इथे खारी हवा थेट सर्किटवर बसते. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ ओलावा ओढून विरघळते आणि गंज चढतो. पावसाळ्यात तर हे रोजचेच. पुढे काच असलेले दिखाऊ कॅबिनेटही नको, त्यात हवाच नीट शिरत नाही. पुढे जाळी, धुता येणारे फिल्टर आणि आठ-नऊ स्लॉट असलेले मोठे कॅबिनेट घ्यावे. फिल्टर धूळ अडवतो, मिठाचे सूक्ष्म कण मात्र आत जातात. म्हणून खोली बंद आणि वातानुकूलित हवी. समुद्राकडची खिडकी उघडू नये, वारा कितीही छान येत असला तरी.