लाज कोणाची?

अर्जेंटिना आणि ब्रिटनमधलं फॉकलंडचं युद्ध म्हणजे कंगव्यासाठी भांडलेले दोन टकले, असं अर्जेंटिनी लेखक होर्हे लुईस बोर्हेस म्हणून गेले. १९८२ च्या त्या ७४ दिवसांचा विषय निघाला की हमखास हेच पुढे केलं जातं. मला ते मान्य नाही. दोन्ही बाजूंना मूर्ख ठरवलं, की हिशेब करून युद्ध ओढवून घेणारे अलगद सुटतात.

ब्युनोस आयर्सच्या लष्करशहांना ती फॉकलंड बेटं निरुपयोगी नव्हती. १९७६ पासून हजारो माणसं बेपत्ता करणारी ती राजवट. महागाईने गांजलेले कामगार ३० मार्चला रस्त्यावर उतरले, त्यांना झोडपून काढलं गेलं. २ एप्रिलला सैन्य बेटांवर उतरलं आणि त्याच राजधानीत राजवटीचे प्रमुख जनरल गाल्तिएरींचा जयजयकार झाला. मोहिमेची आखणी आधीची होती आणि १८३३ मध्ये ब्रिटनने बेटं घेतल्यापासूनचं अर्जेंटिनी जनतेचं शल्यही खरं आहे. पण बेटवासीयांच्या इच्छेविरुद्ध बंदुका घेऊन उतरायचं, तेही त्याच वर्षी, हे त्या शल्यातून आपोआप निघत नाही. ते खुर्ची वाचवण्यासाठी ठरलं. लंडनही निर्दोष नाही. १९८१ मध्ये तिथल्या सरकारने दक्षिण अटलांटिकमधली गस्तीची एकमेव नौका काढून घ्यायचं ठरवलं होतं आणि नव्या नागरिकत्व कायद्यात अनेक बेटवासीयांना पूर्ण हक्क नाकारले होते. त्यांच्याचसाठी मग आठ हजार मैलांवर आरमार निघालं. त्याची ध्वजनौका 'हर्मिस' म्हणजेच पुढे भारतीय नौदलात आलेली आपली 'विराट'.

दुसरा समज याहून अन्यायाचा आहे: अर्जेंटिनाची पोरं लढलीच नाहीत. सक्तीच्या भरतीतली, एकोणीस-वीस वर्षांची ही मुलं. कितीतरी जण कोरिएन्तेस, चाकोसारख्या उष्ण प्रांतांतली, आणि त्यांच्या वाट्याला आले भिजलेले खंदक. बेटांची राजधानी स्टॅन्लीच्या गोदामांत अन्न होतं, ते डोंगरावर पोहोचत नव्हतं. भुकेपोटी कोणी चोरी केली, तर अधिकारी त्याला हातपाय ताणून थंड जमिनीवर खुंट्यांना बांधून ठेवत. अशा अवस्थेतही ११ जूनच्या रात्री माउंट लॉन्गडनवर ला प्लाताच्या सातव्या रेजिमेंटने निवडक ब्रिटिश पॅराट्रूपर्सना तासन्‌तास रोखून धरलं. त्या एका टेकडीसाठी २३ ब्रिटिश सैनिक पडले, अर्जेंटिनाचे त्याहून अधिक. न लढणाऱ्यांसमोर एवढी माणसं मरत नाहीत.

या मुलांना निव्वळ बिचारी ठरवणंही मला पटत नाही. बेटं आपली आहेत असं त्यांतल्या अनेकांना मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. राजवट गुन्हेगार होती म्हणून त्यांचं धैर्य खोटं ठरत नाही, आणि ते धैर्य खरं होतं म्हणून राजवटीचा गुन्हा धुऊन निघत नाही.

१४ जूनच्या शरणागतीनंतर मायदेशी परतलेल्या या सैनिकांकडून बेटांवर काय घडलं ते बोलणार नाही, असं लिहून घेतलं गेलं. पुढे त्यांतलेच काही जण बोलले आणि छळ करणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध न्यायालयात गेले.